‘यांग’ शब्दाचे दोन अर्थ

चिनी भाषेत ‘यांग’ म्हणजे महासागर. एकोणिसाव्या शतकात मात्र ‘परदेशी’ हा अर्थही त्यास घट्ट चिकटला. आपल्या ‘विलायती’ची येथे आठवण व्हावी. किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक तेव्हा बव्हंशी परकीयांच्या हाती होती. ती परत मिळविण्यासाठीच ली होंगझांग याने १८७२ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनीचा पाया घातला. २७ एप्रिल १९६१ रोजी सरकारने स्थापिलेल्या ‘कॉस्को’च्या चिनी नावातील ‘युआनयांग’ या पदाचा अर्थ ‘दूरचा महासागर’. येथे ‘यांग’चा मूळ अर्थच पुन्हा वर आला. दुसऱ्याच दिवशी तिचे ‘ग्वांगहुआ’ जहाज इंडोनेशियातील चिनी रहिवाशांस मायदेशी आणण्यास निघाले. पहिली सफर मालासाठी नव्हे, माणसांसाठी! २०१६ मध्ये ग्रीसच्या पिरेअस बंदर-प्राधिकरणाचे ५१ टक्के भाग कॉस्कोने घेतले. संपावर गेलेल्या तेथील गोदी-कामगारांच्या लेखी परके होते ते चिनीच.