कोल्हापूरचा समुद्र

1812 सालच्या 1 ऑक्टोबरला कोल्हापूरने आपला समुद्र लिहून दिला. त्या दिवशी करवीरचे छत्रपती दुसरे शिवाजी महाराज आणि इंग्रज कंपनी यांच्यात तह झाला. मालवण बंदर गेलं, सिंधुदुर्ग गेला आणि त्याच्या भोवतीचे पद्मगड, राजकोट, सर्जेकोटही गेले. यापुढे लढाऊ जहाज बाळगायचं नाही, हत्यारबंद गलबत बंदराबाहेर सोडायचं नाही, इंग्रजांनी झडती मागितली तर द्यायची, आणि फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजावरचा हक्कही सोडायचा, असं महाराजांनी कबूल केलं. बदल्यात इंग्रजांनी राज्याच्या रक्षणाची हमी घेतली. पेशव्यांच्या आणि पटवर्धनांच्या फौजांनी बेजार झालेल्या दरबाराला ती हमी हवीच होती. पुढच्या वर्षी महाराज वारले.

मी कोल्हापुरात शाळेत इतिहास शिकवला. आजोळ मालवणचं, त्यामुळे गगनबावड्याचा घाट उतरून समुद्राकडे जाणं हे लहानपणापासून मे महिन्याचं ठरलेलं. पण कोल्हापूरला स्वतःचं आरमार होतं आणि ते शंभर वर्षं टिकलं, हे मला ना घरात कुणी सांगितलं ना शाळेत. नोकरीला लागल्यावर जुनी पुस्तकं चाळताना ते हाती आलं आणि मग मी त्याचा पिच्छा सोडला नाही. आपल्याकडे शिवाजी महाराजांचं आरमार सगळ्यांना ठाऊक असतं, कान्होजी आंग्रे ठाऊक असतात. त्यानंतर मालवणात काय झालं, हे विचारलं की सगळे गप्प होतात. ते पान कोल्हापूरचं आहे, म्हणून ते कोल्हापूरकरांनीच वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात वारणेच्या तहापासून करू. 13 एप्रिल 1731 रोजी सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांनी राज्याच्या वाटण्या कागदावर आणल्या. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा, हे आपण पाठ करतो. पण त्याच तहात कोकणातला साळशीपासून खाली अंकोल्यापर्यंतचा पट्टाही कोल्हापूरच्या वाट्याला आला होता. नकाशावर बोट फिरवून बघा, आजच्या देवगड तालुक्यापासून कारवारच्या पलीकडे जाईल. मधे वाडीचे सावंत होते, गोव्याचे फिरंगी होते, त्यामुळे सगळा पट्टा प्रत्यक्ष हाती आला नाही. मालवण मात्र हाती राहिलं.

आणि मालवण कसं चालवायचं याचा विचारही याच दरबारात लिहिला गेला होता. रामचंद्रपंत अमात्य बावड्याचे. 1715 च्या सुमारास त्यांनी संभाजी महाराजांसाठी आज्ञापत्र लिहिलं, त्यातलं शेवटाकडचं प्रकरण आरमाराचं आहे. मी ते विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचून दाखवायचे. आरमार म्हणजे राज्याचं एक स्वतंत्र अंग, असं पंत मानतात आणि मग थेट कामाच्या गोष्टींवर येतात. जहाजं फार मोठी नकोत, फार लहानही नकोत. वारा पडला तर शत्रूच्या तोंडी सापडण्यापेक्षा किल्ल्याच्या आडोशाला यावं. शत्रूने शरण आल्याची खूण केली तरी एकदम जवळ जाऊ नये, त्याच्या माणसाला आपल्याकडे बोलवावं. पावसाळ्यात आरमार दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नये, कारण खलाशी-शिपायांचा जाच तिथल्या रयतेला होतो. लाकडासाठी आंबा-फणस तोडायला बंदी, कारण ते झाड रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेलं असतं. तोडायचंच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या बावड्याशी ज्याचं नाव जोडलेलं, त्या माणसाने समुद्रावर इतकं बारकाईने लिहावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या आरमारातली जहाजं दोन मुख्य जातींची. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिचं नाळेकडचं टोक ठेंगणं आणि लांब, म्हणजे समोर रोखलेल्या तोफांना मोकळी वाट मिळे. गलबत लहान, शिडाचं आणि वल्ह्यांचंही. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही पाण्यात पडायची आणि गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत न्यायची. इंग्रजांचं मोठं जहाज अशा वेळी शिडं लोंबकळत जागीच उभं असे. मग त्याच्या मागच्या बाजूने, जिकडे त्याच्या तोफा कमी, तिकडून गुराबा जवळ जायच्या आणि डोलकाठ्या-दोरखंडांवर मारा करायच्या. जहाज पांगळं झालं की गलबतांमधले शिपाई तलवारी घेऊन वर चढत. ही जुनी मराठी रीत आंग्र्यांनी पक्की केली होती, मालवणने ती पुढे चालवली.

1756 च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. आपल्या हातून घडलेल्या मोठ्या चुकांपैकी ही एक, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर कोकणच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्रजी व्यापाराला रोखणारं जे काही उरलं, त्यात मालवण पुढे आलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. जिजाबाई म्हटलं की वर्गातली मुलं शिवनेरीवर पोहोचतात. या जिजाबाई वेगळ्या, संभाजी महाराजांच्या राणी. 1760 मध्ये महाराज गेले, दोन वर्षांनी जिजाबाईंनी मुलगा दत्तक घेतला आणि 1773 मध्ये वारेपर्यंत पन्हाळ्यावरून राज्य चालवलं. मालवणच्या गलबतांमागे धनी म्हणून त्या उभ्या होत्या.

1765 मध्ये मुंबईहून इंग्रजांची मोहीम निघाली. मेजर गॉर्डनकडे फौज आणि कॅप्टन वॉटसनकडे जहाजं. सिंधुदुर्ग पडला. इंग्रजांनी त्याचं नाव बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ केलं. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर पाया घातलेल्या, तीन वर्षं खपून उभ्या केलेल्या किल्ल्यावर ते नाव! पण किल्ला सांभाळण्याचा खर्च त्यांना झेपेना. थोड्याच काळात, लाखांच्या घरातली भरपाई आणि व्यापाराला उपद्रव न देण्याची हमी घेऊन, त्यांनी तो कोल्हापूरला परत केला. मालवणात वखार घालण्याची परवानगीही मिळवली. पुढे 1792 मध्ये पुन्हा तसाच तंटा आणि पुन्हा तह. 1812 मध्ये मात्र त्यांनी किल्ला परत करण्याचा प्रश्नच ठेवला नाही.

इंग्रजी कागदांत या सगळ्या काळात मालवणकरांना एकच शब्द आहे, चाचे. मला तो मान्य नाही. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात परवाने विकत होते आणि ज्याच्याकडे परवाना नाही ते जहाज धरत होते. सिद्दी, आंग्रे, इंग्रज सगळे आपापली दस्तकं देत होते. कोल्हापूरही तेच करत होतं. ज्याच्या किनाऱ्यासमोरून जायचं त्याचं दस्तक घ्यायचं, नाही तर माल जप्त, हा त्या काळचा रिवाज होता. मालवणची गलबतं कुणा दर्यावर्दी टोळीची नव्हती, एका दरबाराची होती; म्हणूनच तर इंग्रजांना तह दरबाराशी करावा लागला. त्यात लूटमार नव्हतीच असं मी म्हणणार नाही. होती, आणि गरीब नाखवेही त्यात भरडले गेले. पण मुंबईच्या वखारीने केली की ती जप्ती आणि मालवणने केली की ती चाचेगिरी, हा न्याय नव्हे.

मालवण इतकं चिवट का, हे बघायचं तर भरती ओसरताना जेटीवर उभं राहावं. बंदरभर काळे खडक डोकं वर काढतात. आणखी कितीतरी पाण्याखालीच राहतात, त्यांच्यावर फक्त पांढरी रेघ फुटते. माझे धाकटे मामा होडी चालवत. किल्ल्याकडे जाताना ते पाण्याकडे बघतच नसत. मान वळवून किनाऱ्याकडे बघत. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचं एक ठरावीक झाड एका रेषेत आलं की सुकाणू वळवायचं, दुसरी जोडी जुळली की सरळ. मी घाबरून खडक दाखवायला लागले की म्हणायचे, “चेडवा, दगड खय हलतत? पाणी हलता.” या खुणा बापाकडून लेकाकडे येतात. परक्या जहाजाला त्या कोण सांगणार? मालवणच्या आरमाराची निम्मी ताकद या न सांगितलेल्या वाटेत होती, आणि ती वाट इथल्या दर्यावर्दी गाबित समाजाच्या नाखव्यांच्या डोक्यात होती.

इंग्रजांनी समुद्र घेतल्यावर जे केलं ते याच्या नेमकं उलट. त्यांनी वाट सगळ्यांना दिसेल अशी केली. शेजारी गोव्यात पोर्तुगीजांनीही आग्वादच्या किल्ल्यावर 1864 मध्ये दीपगृह उभारलं. मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर 1867 मध्ये दिवा लागला, त्याच साली रत्नागिरीच्या किल्ल्यावरही. 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्ज खडकावरचं दीपगृह झालं. देवगडला 1915 मध्ये. यातले खांदेरी, रत्नागिरी, देवगड हे मराठ्यांच्या आरमाराचे किल्ले, हे विसरू नये. जिथून परक्या जहाजावर तोफ रोखलेली असे, तिथूनच आता त्याला दिवा दाखवला जाऊ लागला. दिवा फुकट नव्हता. बंदरात येणाऱ्या जहाजाकडून त्याचा कर घेतला जाई आणि 1927 च्या कायद्याने देशभरची दीपगृहं एका कारभाराखाली आली; तो कर आजही आहे. दस्तकाचे पैसे गेले आणि दिव्याचे आले. मला यात इंग्रजांचं कौतुक लपवायचं नाही. दिव्यांनी हजारो जीव वाचवले, त्यात आमच्या गाबितांचेही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दिवा, ज्याला तिकडे निवतीचं दीपगृह म्हणतात, दिसला की घर जवळ आलं असं मामा सांगत. फुटलेल्या जहाजावर किनाऱ्याच्या धन्याचा हक्क, ही जुनी रीत 1812 च्या तहाने मोडली, तीही चांगलीच गोष्ट झाली.

गलबतांचा धडा मात्र समुद्र विसरला नाही. लहान, चपळ नौका मोठ्या जहाजाला बुडवू शकते ही भीती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या होड्यांनी पुन्हा जागी केली. त्यांच्या बंदोबस्तासाठी 1893 मध्ये इंग्रजांनी ‘हॅवॉक’ नावाची वेगवान नौका पाण्यात सोडली, आणि तिथून विनाशिकांची जात सुरू झाली. स्वतंत्र भारताला पहिल्या विनाशिका 1949 मध्ये मिळाल्या. राजपूत, रणजित आणि राणा, तिन्ही इंग्रजांच्या वापरलेल्या. आज विनाशिका आपण माझगावच्या गोदीत बांधतो. 18 डिसेंबर 2022 रोजी नौदलात आलेल्या ‘मोरमुगाव’चं वजन 7400 टन, लांबी 163 मीटर. तारीख मुद्दाम निवडलेली असावी असं मला वाटतं. 18 डिसेंबर 1961 रोजी त्याच मुरगाव बंदरात आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटांनी पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ला जखमी करून किनाऱ्याला लावलं होतं. परवान्यांचा खेळ ज्यांनी या समुद्रात आणला त्यांचं इथलं शेवटचं मोठं लढाऊ जहाज कोल्हापूरहून अदमासे दोनशे किलोमीटरवर संपलं. आणि सिंधुदुर्गाचं नावही नौदलाने ठेवलं होतं, 1977 मध्ये आलेल्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकेला.

तह झाला, जहाजं गेली, तरी कोल्हापूरचं एक नातं तुटलं नाही. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे. राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलं. आतली मूर्ती बैठी, बिनदाढीची, आणि डोक्यावर जिरेटोप नाही, नाखव्याची टोपी आहे. सणावाराला तिला मुखवटा चढतो. किल्ला इंग्रजांकडे गेल्यावरही या देवळाच्या पूजेअर्चेसाठी कोल्हापूर दरबाराकडून पैसे जात राहिले. समोरचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतला. मी सहलीला मुलं नेली की त्यांना आधी त्या टोपीपाशी थांबवते.

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन याच किनाऱ्यावर, तारकर्लीला साजरा झाला. आम्ही पहाटे कोल्हापुरातून निघालो होतो. संध्याकाळी विमानवाहू ‘विक्रमादित्य’ आणि विनाशिका क्षितिजावर उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या भोवतीची पोरं ओरडून ओरडून घोगरी झाली होती. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारलं, बाई, मग आपलं आरमार कुठे ठेवायचे? फोंडा घाट संपेपर्यंत मी तिला आज्ञापत्रातलं पावसाळ्याचं कलम समजावत होते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल रांगेने पडून आहेत. मोडी येणाऱ्या तरुणांनी ते मालवणच्या दृष्टीने उलगडावेत: सुतार कुठले होते, काथ्या कुठून यायचा, गाबित तांडेलाला पगार काय मिळायचा. त्या मुलीला मी मोडीच्या वर्गात नाव घालायला सांगितलं आहे.