मुलांसाठी पहिला फिल्म कॅमेरा: स्वस्त नेमका कोणता?

घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर "मला रोलचा कॅमेरा पाहिजे" म्हणून मागे लागलंय? मग आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, रोल मात्र दर वेळी. म्हणून कॅमेऱ्याची किंमत बघण्याआधी एका फोटोची किंमत काढा.

एका फोटोचा हिशोब
समजा रोल ९०० रुपये, धुणं आणि स्कॅन ५००, कुरिअर १००. एकूण १५००. रोलमध्ये ३६ फोटो, म्हणजे एक फोटो साधारण ४२ रुपयांना पडला. दर बदलत असतात, आजचे आकडे टाकून बघा. गोंदियातून रोल मोठ्या शहरात पाठवावा लागू शकतो. म्हणून आधी लॅब ठरवा. "कलर निगेटिव्ह, म्हणजे सी-४१ धुता का?" एवढं विचारायचं.

पर्याय कोणते?
• कोडॅक एम३५: नवा, हलका. फोकस करावा लागत नाही. बॅटरी फक्त फ्लॅशला लागते.
• कोडॅक एक्टार एच३५: हाफ फ्रेम, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. वरच्या हिशोबात एक फोटो २१ रुपयांना. हाफ फ्रेमच्या स्कॅनचे जास्त पैसे लागतात का, ते लॅबला विचारा.
• जुना याशिका एमएफ-२: कदाचित घरच्या कपाटातच सापडेल. पेन्सिल सेल घालून फ्लॅश पेटतो का बघा.
• आग्फा क्लिक-३: बडोद्यात बनायचा. दिसतो छान, पण याला १२० चा रोल लागतो आणि फोटो फक्त १२. पहिला कॅमेरा म्हणून नको.

जुना घेताना
मागचं झाकण उघडून बटण दाबा, शटर उघडझाप करतं का बघा. लेन्समध्ये जाळ्यासारखी बुरशी असेल तर सोडून द्या. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर प्रकाश आत शिरतो.

काय जमणार नाही?
परसवाड्याच्या तलावावरचा सारस! एम३५ ची लेन्स ३१ मिमीची आहे. पाच फुटी सारस १०० मीटरवर असेल, तर २४ मिमी उंचीच्या निगेटिव्हवर तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही. हे पोराला आधीच सांगा. आजी, मित्र, बैलजोडी असं एक ते तीन मीटरवरचं काढू द्या.

रोल सांभाळताना
पावसाळ्यात, सावलीत आयएसओ ४०० घ्या. कडक उन्हात २०० चालतो. मे महिन्यात रोल गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उष्णतेने रंग बिघडतात. आणि रोल पूर्ण गुंडाळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. माझ्या भाच्याने "फोटो आले का" बघायला उघडलं आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीचे बरेच फोटो गेले. तेव्हापासून त्याच्या कॅमेऱ्याच्या झाकणावर चिकटपट्टी असते.

माझा सल्ला: घरात चालू कॅमेरा असेल तर तोच वापरा, वाचलेल्या पैशात दोन रोल घ्या. नसेल तर एच३५. मुलं चुकणारच, आणि तिथे चूक निम्म्या किमतीत पडते.