अपघातानंतरचा पहिला शब्द

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्याच दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शासनाने जे सांगितले त्याचा क्रम महाराष्ट्राला एव्हाना पाठ झाला होता: शोक, अर्थसाहाय्य, चौकशी, निलंबन. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० अर्भके दगावली, तेव्हाही हाच क्रम होता. शिवाय रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेशही निघाले होते.

अपघातानंतर बोलण्याची ही रीत एका दिवसात घडलेली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आवाज साऱ्या शहराने ऐकला. वृत्तपत्रांना मात्र युद्धकालीन निर्बंधांमुळे तो छापता येईना. जगाला बातमी दिली ती शत्रूच्या ताब्यातील सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इंग्रज सरकारने ती मोकळी केली मे महिन्यात. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले लपविल्याने ते नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या तोंडी जाते.

पुढे मौनाची जागा खुलाशाने घेतली. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुकांडानंतर युनियन कार्बाइड कंपनीने दोष आपल्या यंत्रणेचा नसून एका असंतुष्ट कामगाराच्या घातपाताचा आहे, अशी भूमिका घेतली आणि ती वर्षानुवर्षे सोडली नाही. बंद पडलेल्या सुरक्षायंत्रणांचा, खर्चातील काटकसरीचा प्रश्न त्यामुळे एका माणसाच्या हेतूपाशी येऊन थांबला.

नगरलाही चर्चा माणसांपाशीच येऊन थांबली. काही अधिकारी निलंबित झाले, एक डॉक्टर व काही परिचारिका यांना अटक झाली, आणि परिचारिका रस्त्यावर उतरल्या. कोणाचा अपराध किती हे न्यायालयाने ठरवावे. आमचे म्हणणे निराळे आहे. भंडाऱ्यानंतरच्या १० महिन्यांत नगरच्या त्या विभागात काय तपासले गेले, काय त्रुटी आढळल्या, त्या दूर करण्याचा पैसा कोठे अडला, याचे उत्तर पहिल्या निवेदनातच यावयास हवे होते.

निवेदन कंपनीचे असो वा सरकारचे, आम्हांस त्याची कसोटी एकच वाटते. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याने विचारलेल्या प्रश्नाला त्यात उत्तर आहे काय? नसेल, तर ते निवेदन दुःखितांसाठी नव्हे, खुर्चीसाठी लिहिलेले असते.