आखूड काठीची किंमत : हातातल्या रेडिओच्या अँटेनाचा इतिहास

१/
फेब्रुवारी १९४२. सिंगापूर जपानच्या हाती पडले. ब्रिटिशांच्या मागे राहिलेल्या साहित्यात जपानी तंत्रज्ञांना रडारविषयीच्या टिपणांची एक वही सापडली. तीत ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता आणि त्याचा अर्थ कोणालाच लागेना. अखेर ती टिपणे लिहिणाऱ्या युद्धकैद्यालाच विचारले. उत्तर ऐकून विचारणारे चकित झाले. यागी हे एका जपानी प्राध्यापकाचे नाव होते!

२/
मित्रहो, आजचा धागा अँटेनाविषयी आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, परवाना मिळवून हातातला पहिला संच घेणाऱ्या प्रत्येकाला लवकरच एक प्रश्न पडतो : संचासोबत आलेली वीतभराहूनही आखूड रबरी काठी तशीच ठेवावी, की बदलावी? प्रश्न बाजारातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात आहे. ज्या तडजोडींमधून आपण आज निवड करतो, त्या सर्व आपल्या आधी कोणीतरी करून पाहिलेल्या आहेत.

३/
प्रारंभ हाइनरिश हर्ट्झपासून. १८८८ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह येथे त्याने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. त्या प्रयोगांतून एक नाते स्पष्ट झाले : अँटेनाची लांबी आणि लहरीची लांबी यांचा मेळ बसला, तरच ऊर्जा सुखाने बाहेर पडते. कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले. म्हणूनच त्यांची उपकरणे मेजावर मावत. लहर लांब, तर अँटेना मोठा. हा नियम कोणालाही चुकलेला नाही.

४/
आता हा नियम आपल्या संचाला लावू. भारतात हॅमसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरहून किंचित अधिक भरते. तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे अर्धा मीटर, ही सरळ उभ्या काठीची स्वाभाविक लांबी होय. रबरी काठी भरते जेमतेम १५ सेंटीमीटर. उरलेले ३५ सेंटीमीटर गेले कुठे? रबराच्या आत तार गुंडाळलेली असते. लांबी लपवली आहे. पण लपवलेल्या लांबीचा मोबदला द्यावाच लागतो.

५/
हा मोबदला युद्धात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिला गेला. अमेरिकेच्या गॅल्विन कंपनीने (हीच पुढे मोटोरोला झाली) दुसऱ्या महायुद्धासाठी ‘एससीआर-५३६’ हा हातातला संच बनवला. वजन सुमारे सव्वादोन किलो, आणि अँटेना बाहेर ओढला की संच चालू होई. तो ३.५ ते ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्या लहरींचा चतुर्थांश १२ ते २१ मीटर. सैनिकाच्या हातात होती मीटरभराची काठी! उरलेली उणीव आतल्या वेटोळ्याने भरून काढायची होती. परिणामी जमिनीवरचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जून १९४४ मध्ये हेच संच सैनिकांच्या हाती होते.

६/
त्याच कंपनीचा दुसरा संच पाठीवर वाहायचा होता : ‘एससीआर-३००’. मूळचा ‘वॉकीटॉकी’ हाच. हातातल्या संचाला त्या काळी ‘हँडीटॉकी’ म्हणत. वजन १५ ते १७ किलो, वारंवारता ४० ते ४८ मेगाहर्ट्झ, पल्ला सुमारे पाच किलोमीटर. त्याच्यासोबत दोन अँटेना येत : एक सुमारे ८० सेंटीमीटरचा, दुसरा सव्वातीन मीटरचा. चालताना आखूड आणि थांबल्यावर लांब, अशी ही विभागणी होती. अँटेना निवडण्याचा आपला प्रश्न त्या सैनिकापुढे रोज उभा राही.

७/
त्याची निवड आपल्याहून कितीतरी अवघड होती. लांब काठीमुळे आवाज दूर पोहोचे; पण तीच काठी शत्रूच्या नेमबाजाला दुरून दिसे. रेडिओवाला टिपला, की तुकडीचा तोफखान्याशी संबंध तुटे. पुढे व्हिएतनाममध्येही रेडिओ वाहणाऱ्यांना त्यांच्या अँटेनामुळेच हेरले जाई. आखूड अँटेना म्हणजे निव्वळ आळस, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आखूडपणालाही एक कारण असते. मात्र ते कारण आज आपल्याला लागू आहे का, हे तपासले पाहिजे.

८/
युद्ध संपल्यावर या अनुभवाला गणिताचा आधार मिळाला. १९४७ मध्ये हॅरल्ड व्हीलर यांनी आणि १९४८ मध्ये लान जेन चू यांनी लहान अँटेनांच्या मर्यादा मांडल्या. सारांश असा : आकार, कार्यक्षमता आणि वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी या तिन्ही गोष्टी एकदम मनासारख्या मिळत नाहीत. आकार घटवला, तर उरलेल्या दोहोंपैकी एकीवर तरी पाणी सोडावे लागते. ‘इवलासा, सर्व पट्ट्यांवर चालणारा, दूर पोहोचणारा’ अशी जाहिरात दिसली, की या दोघांचे स्मरण करावे.

९/
आता एक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मार्कोनीने उभ्या तारेचे दुसरे टोक जमिनीला जोडले. जमीनच त्याच्या अँटेनाचा अर्धा भाग झाली. हातातल्या संचाला जमीन नाही. तेथे संचाचे धातूचे अंग आणि धरणाऱ्याचा हात मिळून हा दुसरा अर्धा भाग कसाबसा पुरवतात. म्हणून अनुभवी हॅम अर्ध्या मीटरची साधी तार अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरील धातूला जोडून खाली लोंबती सोडतात. खर्च नगण्य आणि फरक अनेकदा कानाला जाणवणारा. नवा अँटेना विकत घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

१०/
मार्कोनीचा दुसरा धडा उंचीचा. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकल्याचे त्याने जाहीर केले, तेव्हा त्याची तार पतंगाने सुमारे दीडशे मीटर उंच धरली होती. त्याच्या लांब लहरींची गोष्ट वेगळी. आपल्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी तर जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचे रेडिओ क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपते. भोवतालच्या मुलखाहून ५०० मीटर उंच गडाच्या माथ्यावरून ते ९० किलोमीटरपर्यंत विस्तारते. महागड्या काठीपेक्षा चढलेला डोंगर बहुधा अधिक कामी येतो.

११/
आता पुन्हा सिंगापूरच्या वहीकडे. १९२० च्या दशकात सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिन्तारो उदा यांनी एक सोपी, पण विलक्षण रचना शोधली. मुख्य दांड्याच्या मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड दांडे ठेवले, तर त्यांना तार न जोडताही सारी शक्ती एका दिशेला वळते. १९२६ पासून उदांचे सविस्तर लेख जपानीत प्रसिद्ध होत गेले; १९२८ मध्ये यागींनी अमेरिकेत इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. त्यात उदांच्या कामाचा उल्लेख होता, तरी जगाच्या तोंडी नाव बसले ते एकट्या यागींचे.

१२/
मायदेशी या शोधाचे मोल फारसे कोणी ओळखले नाही, शत्रूने ओळखले. पुढे हीच रचना घरोघरच्या गच्चीवर दूरचित्रवाणीसाठी उभी राहिली. आज हॅम मंडळी पोलादी मोजपट्टीचे तुकडे आणि प्लॅस्टिकचा पाइप घेऊन तीन दांड्यांची यागी घरीच बनवतात. ती साध्या अर्धतरंग अँटेनाच्या साधारण तिप्पट शक्ती एका दिशेला देते. शिवाय संचाची बॅटरी अधिक खर्च होत नाही. अशी हातातली यागी आकाशाकडे रोखून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हॅम रिपीटर ऐकणारे अनेक आहेत.

१३/
मग निवड कशी करावी? खिशात, गर्दीत, जवळच्या संपर्कासाठी : रबरी काठी पुरे. मोकळ्या रानात आणि डोंगरावर : अर्ध्या मीटरची लवचीक काठी. ४३५ मेगाहर्ट्झ ही १४५ ची बरोबर तिप्पट असल्याने तीच काठी तेथेही बरी चालते. मात्र तिच्या वजनाचा ताण संचाच्या नाजूक कनेक्टरवर येतो, हे विसरू नये. केवळ ४३५ वर बोलणाऱ्याने फार खर्च करू नये. तेथे चतुर्थांश लांबी १७ सेंटीमीटरच आहे. ठरावीक दिशेला दूर पोहोचायचे असेल, तर यागी. आणि प्रक्षेपण करायचे, तर आधी परवाना.

१४/
शहरात या साऱ्याची गरज भासत नाही, कारण उंचावरचा रिपीटर आपला क्षीण आवाज उचलून पुढे पाठवतो. आखूड काठीचे दोष तो झाकून टाकतो. पण भूकंपात किंवा महापुरात त्याची वीज गेली, तर? २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हॅमचा एक गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता. नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली असता त्यांच्या संचांवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचली. त्यांचे संच मोठे होते आणि पट्टे वेगळे होते. तत्त्व मात्र एकच. मधला आधार नाहीसा झाल्यावर आपल्यापाशी उरतो तो आपला अँटेना.

१५/
म्हणून संकटाची वाट न पाहता एखाद्या रविवारी रिपीटर न वापरता मित्राशी थेट बोलून पाहा. एकाच जागी उभे राहून आधी रबरी काठी, मग तिला जोडलेली तार, मग लांब काठी लावा आणि ऐकू आले ते लिहून ठेवा. आणि घरी यागी बनवलीत, तर तिला पूर्ण नावाने हाक मारा : यागी-उदा. स्वभाषेत लिहिले म्हणून मागे पडलेल्या संशोधकाचे एवढे ऋण तर आपण फेडू शकतो.