न निघणारं चाक

जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या इंजिनाचं बाजूचं झाकण काढलं, की आत ताटलीएवढं एक जड, गोल चाक दिसतं. पुस्तकात त्याला फ्लायव्हील म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री त्याला नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. मधला नट काढला तरी हे चाक जागचं हलत नाही. ओढा, हिसडा द्या, ते इंजिनाशी एकजीव झाल्यासारखं बसून असतं. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. यंत्राशी माझा संबंध गॅरेजच्या बाकड्यावर बसून चहा पिण्यापुरता. पण हा हट्ट त्या चाकात आला कुठून, याचं कुतूहल मला फार वर्षं आहे आणि त्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

चाकाचं मूळ काम जुनंच. कुंभार आपलं चाक एकदा फिरवून देतो आणि मग ते स्वतःच्या वजनानं फिरत राहतं. इंजिनातही तसंच. स्फोट होतो तेव्हा ढकल मिळते. दोन स्फोटांच्या मधली वेळ हे जड चाक निभावून नेतं. पण मोटारसायकलच्या चाकावर दुसरीही जबाबदारी आली, ठिणगीची.

पेट्रोल पेटवायला ठिणगी हवी आणि बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र म्हणजे मॅग्नेटो. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी असा मॅग्नेटो बनवला. १९०२ मध्ये त्यांचेच अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. हा माल इतका उत्तम होता, की इंग्लंडसारखा कारखानदारीत पुढारलेला देशही त्यासाठी मुख्यतः जर्मनीवर विसंबून राहिला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हा पुरवठा तुटला. विमानं, लॉऱ्या, मोटारसायकली हाताशी होत्या, पण ठिणगी शत्रूकडे! इंग्रजांना घाईघाईनं स्वतःचे मॅग्नेटो बनवणं भाग पडलं.

युद्धानंतर स्वस्त, हलक्या मोटारसायकलींचा जमाना आला. वुल्व्हरहॅम्प्टन गावची व्हिलियर्स कंपनी छोटी टू-स्ट्रोक इंजिनं बनवत असे. वेगळा मॅग्नेटो, त्याची साखळी, त्याचे दातेरी चाक हा सारा खर्च वाचवायचा, तर लोहचुंबक थेट फ्लायव्हीलमध्येच बसवावेत, ही युक्ती तिनं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस आपल्या इंजिनांत आणली. चाक फिरलं की चुंबक फिरतात, आतल्या स्थिर कॉइलमध्ये वीज तयार होते आणि त्याच चाकाच्या पोटात दडलेले पॉइंट ती नेमक्या क्षणी तोडतात. गरिबाच्या गाडीला बॅटरीची गरज उरली नाही.

मात्र ठिणगीची वेळ केसभरही चुकता कामा नये, म्हणून चाक घट्ट हवं. त्यासाठी क्रँकचं टोक किंचित निमुळतं करतात. कारागीर त्याला टेपर म्हणतात. निमुळत्यावर निमुळतं दाबून बसवलं, की दोन धातू एकमेकांना असे धरतात, की नट काढला तरी सोडत नाहीत. आपल्या लेथवाल्यांच्या तोंडी असलेला मोर्स टेपर अमेरिकेत १८६० च्या दशकात रूढ झाला, तो याच तत्त्वावर. टेपरजवळ अर्धचंद्रासारखी एक इवलीशी चावी असते. चाक तिच्यामुळे अडकतं, असा अनेकांचा समज असतो. खरं तर ती फक्त चाकाची जागा दाखवते. पकड सगळी टेपरची.

म्हणजे जो गुण गाडी चालवतो, तोच दुरुस्तीच्या दिवशी आडवा येतो. पॉइंट घासायचे, कंडेन्सर किंवा ऑइल सील बदलायचं, तर चाक काढावंच लागतं. व्हिलियर्सनं त्यावर तोडही काढली होती. त्यांचा मधला नट पान्यावर हातोडी मारून सोडवायचा. तो आधी सैल होई, मग पुन्हा घट्ट लागे. तिथं न थांबता आणखी फिरवला, की तोच नट चाकाला बाहेर ओढून काढी. पुढं अनेक कंपन्यांनी चाकाच्या मध्यभागी आटे पाडले आणि वेगळा पुलर दिला.

आपल्याकडे ही विद्या गावोगाव पोचली ती राजदूतसारख्या गाड्यांमुळे. पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकात ती बनवायला घेतली आणि दूधवाल्यांपासून ग्रामसेवकांपर्यंत साऱ्यांची ती झाली. १९७२ मध्ये पुण्याची लुना आली. गावागावांत मॅग्नेट काढण्याचं काम निघालं.

आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री, ज्यांना लहानथोर सगळे चाचा म्हणत, हे काम करताना बोलत नसत. आधी पुलरचे आटे शेवटपर्यंत बसवायचे. अर्धवट बसवला तर आटेच उपटून येतात. मग मधला बोल्ट ताण येईपर्यंत आवळायचा आणि बोल्टच्या माथ्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका. ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक हातात. नाहीच निघालं, तर थोडं रॉकेल सोडून, ताण तसाच ठेवून चाचा दुसऱ्या कामाला लागत. कधीकधी तासाभरानं चाक आपणहून सुटे. एखादा उतावळा पोरगा मागून स्क्रूड्रायव्हर घालून चाक उचकटू लागला, की ते म्हणत, ‘‘बेटा, ते रागावलेलं नाही, नुसतं बसलंय. त्याला मारू नकोस.’’

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बाजूनं हातोडा मारला तर चुंबक तडकतात, क्रँक वाकते. फार तापवलं तर चुंबकाचं बळ जातं. उचकटलं तर इंजिनाचं मऊ आवरण फुटतं. आणि राजदूत आता बनत नाही. फुटलेल्या चाकाच्या जागी नवं आणायचं कुठून?

चाचांचा पुलर कुठल्या कंपनीचा नव्हता. गावातल्याच लेथवाल्यानं एका फुटक्या चाकाच्या आट्यांवरून माप घेऊन तो बनवून दिला होता. बॉशचं नाव इतिहासात आहे, व्हिलियर्सचंही आहे. या लेथवाल्यांचं कुठंच नाही. पण दुसऱ्या देशातलं यंत्र आपल्याकडे पन्नास वर्षं चालतं राहिलं, ते अशा माणसांमुळे. तुमच्या गावात एखादं जुनं गॅरेज बंद होत असेल, तर त्याची पेटी भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहा. तळाशी आटे पाडलेला, तेलकट, बोटभर लांबीचा एक तुकडा असेल. कुठल्या गाडीचा आहे ते म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून ठेवा.