रोमचा अंत

धाकटीने आठवडी बाजारातून गुलाबी रंग दिलेलं कोंबडीचं पिल्लू आणलं आणि माझ्या नव्या बुटांच्या खोक्यात त्याचा संसार थाटला. "घर आहे की खुराडं?" मी गरजलो. घरात माझं गरजणं कुणी मनावर घेत नाही. शेवटी नाव तरी मी ठेवीन, म्हटलं. ठेवलं रोम.

त्याचं असं झालं. इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं, तेव्हा सम्राट होनोरियस राव्हेन्नात सुखरूप होता. कोंबड्या सांभाळणारा सेवक रोमचा अंत झाल्याची खबर घेऊन आला. सम्राट कळवळला, आत्ताच तर त्याने आपल्या हातून दाणे टिपले होते! लाडक्या थोरल्या कोंबड्याचं नावच रोम. गेलंय ते शहर, हे कळल्यावर स्वारीचा जीव भांड्यात पडला. गोष्ट ऐकीव, प्रोकोपियसने शंभरावर वर्षांनी लिहिलेली. पण मी मात्र ती सांगून पोट धरधरून हसत असे.

परवा बँकेत कॅश जुळेना, सतरा रुपयांचा फरक. तेवढ्यात फोन. "बाबा, आपला रोम गेला..."

माझा चेहरा पाहून हेडकॅशियरनी विचारलं, "काय हो, काय झालं?"

"रोम गेला."

"अरेरे! तिकडे कोण होतं तुमचं?"

सतरा रुपये मी खिशातून भरले. होनोरियसला आता हसवत नाही.