वऱ्हाड सापडत नाही

नोट्सच्या अ‍ॅपमध्ये मी ‘वऱ्हाड’ टाइप केलं आणि शोधलं. उत्तर आलं: एकही नोंद नाही.

समोर आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आठवणी होत्या. अकोल्यात जन्मलेला आणि मूर्तिजापुरात तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस तीनशे पानं लिहितो आणि त्यात वऱ्हाड हा शब्द एकदाही येत नाही? शक्यच नव्हतं.

शोधायला लावलं होतं आजीनं. तिचं वय आता ब्याऐंशी. दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा म्हणाली, “आमच्या लग्नाचं काई लिवलं हाय का रे त्यायनं?” आबाजी असताना तिनं त्यांना हे कधी विचारलं नाही. वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरली ती एक सीडी, २००४ साली अमरावतीच्या एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली. पुस्तक छापायचं राहूनच गेलं. सीडीवर एकोणीस टेक्स्ट फाइल्स होत्या. मी त्या अ‍ॅपमध्ये आयात केल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा आला.

असा ‘कचरा’ अमरावती जिल्ह्याला नवा नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानला जातो, आणि तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसा-माणसाला विचारून जमवल्या त्या याच परिसराशी जोडलेल्या. पुढे पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशा त्या लिप्या. सकळ लिपीचं श्रेय परंपरा रवळोबासांना देते. युक्ती सोपी होती. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा खूण लिहायची. किल्ली माहीत असलेला वाचणार, बाकीच्यांना नुसत्या रेघोट्या दिसणार. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र आलं ते १९७८ मध्ये.

महानुभावांनी लपवायचं म्हणून लपवलं. आपल्या डीटीपीवाल्यांनी मात्र काहीही लपवायचं नसताना तेच केलं.

झालं असं. कॉम्प्युटरवर मराठी कशी साठवायची याचा नियम आपल्याकडे होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरलं. त्यात ‘क’ला एक ठरलेला क्रमांक होता. तो पडद्यावर कसा दिसायचा, हा प्रश्न वेगळा. पण छपाईच्या धंद्याला क्रमांकाशी काय देणंघेणं? तिथे आकार महत्त्वाचा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकानं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीनं देवनागरी आकार बसवले. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये साठवला जातो तो ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी. फॉन्ट लावला की मराठी, काढला की सकळ लिपी. मी त्यांना दोष देत नाही. रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेल्या ऑपरेटरला तोच कीबोर्ड मिळाला, पत्रिका छापून झाली, गिऱ्हाईक खूश. वीस वर्षांनी कुणी नातू त्यात आजीचं लग्न शोधेल, हे त्यानं का धरावं?

टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्टचं नावही नसतं. म्हणजे किल्ली हरवलेली. मी अक्षरं मोजली. मराठीत काना प्रचंड येतो, आणि माझ्या फाइलमध्ये सगळीकडे ‘के’ हे इंग्रजी अक्षर पसरलेलं होतं. कृतिदेवमध्ये काना त्याच जागी असतो. तासाभरात ओळख पटली. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेली एखादी गोष्ट घरात उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ.)

नुसती अक्षराला अक्षर अशी बदली करून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर. रफाराचं उलटं. ‘कर्म’मधला रफार कृतिदेवमध्ये ‘म’च्या नंतर, युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी. दोघांना उचलून योग्य जागी बसवावं लागतं.

एक चूक मात्र मला भोवली असती. आयात करताना अ‍ॅपनं फाइल यूटीएफ-८ समजून वाचली होती आणि न समजलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ‘क्र’, ‘त्त’ अशी जोडाक्षरं कृतिदेव नेमकी त्याच वरच्या बाइट्समध्ये ठेवतो. ती सगळी पुसली गेली, आणि कुठलीही किल्ली ती परत आणू शकत नाही. सीडी फेकली नव्हती म्हणून वाचलो. पुन्हा मूळ फाइलपासून सुरुवात केली, या वेळी बाइट्सना हात न लावता.

मजकूर वाचता येऊ लागला. दर्यापूर, कपाशी, मेळघाट, सगळं दिसत होतं. आणि तरी ‘वऱ्हाड’ शोधलं तर शून्य.

आपल्या प्रांताच्या नावातला तो अर्धा र डोळ्यांना एकच दिसतो, पण युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात त्याची नोंद द्राविडी भाषांमधला र लिहिण्यासाठी अशी आहे. आपला अर्धा र तिथे पाहुणा आहे. दुसरी, साधा ‘र’ आणि खाली नुक्ता. तिसरी, ‘र’, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नसते. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडचेच नियम एकसारख्या मानतात, तिसरी नाही. माझ्या रूपांतरानं तिसरी वापरली होती, फोनचा कीबोर्ड पहिली देत होता. दोन शब्द, दिसायला जुळे, एकमेकांना अनोळखी. शिवाय घाईत बरेच जण ‘हा’वर रफार देऊन लिहितात, ती चौथी तऱ्हा.

मी शोधासाठी वेगळी सूची केली. त्यात अदृश्य चिन्हं काढली, ऱ चा र केला, आणि शोधपट्टीत टाइप केलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया लावली. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला. याची किंमत आहे. मराठीत आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात जेवणाचा फरक पडतो. माझ्या सूचीत दोघेही एकच. मेळघाटच्या दऱ्या शोधल्या तर दर्यापूर पुढे येतं. चालेल. चार जास्तीचे निकाल मी डोळ्यांनी गाळू शकतो, न आलेला निकाल मला कळणारच नाही.

मग ‘वऱ्हाड’ सापडलं. एक्केचाळीस ठिकाणी. चाळीस वेळा प्रांत: कापसाचे भाव, निजाम, इंग्रज, मास्तरकी. एक्केचाळिसावं दुसऱ्या अर्थाचं.

१९६१. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी शकुंतला, १९१३ पासून त्या वाटेवर धावणारी नॅरोगेजची गाडी, वाफेच्या इंजिनाची. नवरदेवाकडचे तीस-पस्तीस लोक अंजनगावला निघालेले. आबाजींनी लिहिलं होतं की गाडी दोन तास उशिरा पोचली, स्टेशनावर मुलीकडचे कंदील घेऊन उभे होते, आणि त्या उजेडात त्यांना सगळ्यात आधी दिसला तो आजीचा धाकटा भाऊ, खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपलेला.

तो भाऊ लग्नानंतर दोन वर्षांतच गेला. त्याचा एकही फोटो घरात नाही.

मी आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पुन्हा वाच.” दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाली, “दोन घंटे नाई, चार घंटे लेट होती गाडी. म्हणून तर तो झोपला बिचारा.”

त्या परिच्छेदाखाली मी तेवढं टिपून ठेवलं, तारखेसह. आबाजींच्या ओळीला हात लावला नाही.